शेततळं तुमचं, पण ओघळ कुणाची?

प्रश्न : मोहोळ तालुक्यात आमची १ हेक्टर ८० आर जिरायत आहे. वडील वारल्यावर वारसनोंद झाली. सातबाऱ्यावर मी, धाकटा भाऊ आणि बहीण अशी तीन नावं आहेत, वाटप झालेलं नाही. वस्तीकडची पूर्वेची बाजू मीच कसतो. शेततळ्यासाठी महाडीबीटीवर (शासनाच्या अनुदान योजनांचं पोर्टल) माझी निवड झाली, पण कागद भरताना सहहिस्सेदारांचं संमतीपत्र मागितलं. बहीण सही देते, भाऊ देत नाही. जेसीबीवाला म्हणतो, ‘आत्ताच खणून घ्या, भाडं नको, मुरूम मी नेतो.’ खालच्या बांधाचा शेतकरी धमकावतोय, ‘पाणी अडवलंस तर मामलेदार कोर्टात खेचीन.’ खणू का?

उत्तर : आत्ता खणू नका. याला तीन कारणं आहेत. जेसीबीवाल्याचं आधी सांगतो, कारण मोह तिथंच जास्त आहे.

शेतजमिनीत विहीर, तळं, बांधबंदिस्ती करायला बिगरशेती परवाना लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४१ ने तो हक्क खातेदाराला दिला आहे. खणलेला मुरूम तुमच्याच तळ्याच्या भरावावर किंवा बांधावर पडला तर सहसा कुणी विचारत नाही. तोच मुरूम परवान्याशिवाय टिपरमध्ये भरून रस्त्याला लागला की कलम ४८(७) लागतं आणि बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. वाहन जप्त होतं ते वेगळंच. पंचनाम्यात गट नंबर तुमचा असतो, त्यामुळे नोटीसही तुमच्याच नावाने निघते. ‘फुकट’ खोदाई अशी अनुदानापेक्षा महाग पडते. शिवाय कृषी विभागाची पूर्वसंमती हातात येण्याआधी काम केलं तर अनुदानाचा दावाच उरत नाही. मोका तपासणीला सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहाय्यक) आले आणि खड्डा तयार दिसला, तर त्यांनाही काही करता येत नाही.

आता भावाचं. त्याची भीती अगदीच निराधार नाही. ३० बाय ३० मीटरचं तळं म्हणजे ९ आर जमीन, आणि भोवतीचा भराव धरला तर त्याहून जास्त. तिघांच्या जमिनीतून एवढा तुकडा कायमचा पाण्याखाली जातो आणि अनुदान एकाच्या खात्यावर येतं. उद्या वाटपात ‘तळं मधोमध आलं, आता तू दुसरीकडं घे’ असं त्याला ऐकावं लागेल. तुम्ही बरीच वर्षं ती बाजू कसत असलात तरी एकत्र खात्यातली प्रत्येक गुंठा जमीन कायद्याने तिघांची आहे. त्याने दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणला तर अर्धवट खड्डा तसाच राहील.

म्हणून नुसती सही मागू नका, संमतीपत्रात त्याच्या भीतीचं उत्तर लिहा. तळ्याची जागा गट नकाशावर दाखवा. भरावासह जेवढे आर लागतील तेवढे वाटपाच्या वेळी तुमच्याच ६० आरच्या हिश्शात धरले जातील, हे स्पष्ट लिहा. पाण्यात त्याचा वाटा असेल की नाही, मोटर आणि पाइपचा खर्च कुणाचा, गाळ कोण काढणार, तेही आत्ताच ठरवा. बहिणीची सही याच कागदावर घ्या. या चार ओळींनी भाऊ बऱ्याचदा मऊ पडतो. बोलणं घरात होत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व मध्यस्थीचा अर्ज करा.

तरी नाहीच म्हणाला, तर संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज द्या. तो कोणताही एक सहधारक देऊ शकतो, सगळ्यांची संमती हवीच असं नाही. सातबारा, ८अ चा खातेउतारा, वारसाचा फेरफार, गट नकाशा आणि प्रत्येकाला कुठली बाजू सुचवता त्याचा कच्चा नकाशा जोडा. तहसीलदार सर्वांना नोटीस काढून ऐकतात. मात्र भावाने हिश्शाचा किंवा मालकीचाच वाद उभा केला, तर दिवाणी कोर्टाचा निकाल येईपर्यंत तिथलं काम थांबतं. आदेशानंतर भूमी अभिलेखची पोटहिस्सा मोजणी आणि मग फेरफार. जिरायतीची तुकडेबंदीची मर्यादा, म्हणजे त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ती, २० गुंठे (साधारण २० आर) आहे, ६० आरच्या हिश्शाला ती आड येत नाही. हे सगळं महाडीबीटीच्या मुदतीत बसणं कठीण. त्यामुळे मुदत संपण्याआधी तालुका कृषी कार्यालयात ‘वाटपाचा अर्ज प्रलंबित आहे’ असं लेखी द्या आणि पोच घ्या. मुदतवाढ मिळेलच असं नाही, पण पुढच्या अर्जाला तो कागद उपयोगी पडतो.

राहिला खालचा शेजारी. त्याची धमकी हसण्यावारी नेऊ नका, पण घाबरूनही जाऊ नका. तुमच्या रानावर पडून पसरत वाहणारं पाणी आणि ठरलेल्या पात्रातून वाहणारं पाणी, यात कायदा फरक करतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ प्रमाणे, पात्रात न वाहणारं पृष्ठभागावरचं पाणी आपल्या हद्दीत साठवायचा हक्क जमीनमालकाला आहे. ओढा-नाला मात्र संहितेच्या कलम २० नुसार सरकारचा, तुमचाही नाही आणि त्याचाही नाही. म्हणून पहिलं काम हे : गट नकाशा घ्या आणि तुमच्या रानातली ओघळ त्यात दाखवली आहे का ते बघा. दाखवली असेल तर तळं तिच्या तोंडावर घेऊ नका, बाजूला सरका.

मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली शेजारी दावा करू शकतो; मामलेदार कोर्ट म्हणजे तहसीलदारांचंच कोर्ट. पाण्याच्या नैसर्गिक वाहण्याला अडथळा झाला आणि त्यामुळे शेजारच्या जमिनीचं किंवा पिकाचं नुकसान झालं किंवा होण्याचा संभव असेल, तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावतात. दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. म्हणून काम सुरू झाल्याची आणि भराव पूर्ण झाल्याची तारीख पंचांसमोर लिहून ठेवा. निकाल विरुद्ध गेला तर अपील नाही, कलम २३ खाली पुनरीक्षण, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून आदेशाची फेरतपासणी, आहे.

खरं भांडण बहुतेक वेळा पाणी अडवल्याचं नसतं, सोडल्याचं असतं. १:१ उताराचं (काठ जेवढा खोल तेवढाच आत सरकणारा) ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी धरतं. हस्ताचे जोरदार पाऊस झाले की ते भरतं आणि पुढचं सगळं पाणी सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी जायच्या वाटेच्या, एका तोंडातून बाहेर पडतं. पूर्वी शेजाऱ्याच्या बांधावर जे पाणी शंभर फुटांत पसरून यायचं, ते आता पाच फुटांतून येतं. बांध फुटतो, ज्वारी गाळाखाली जाते, आणि तिथं तो नुकसानभरपाईला थेट दिवाणी कोर्टात जाईल. तेव्हा सांडव्याचं तोंड जुनं पाणी जिथून खाली उतरत होतं तिथंच ठेवा, बांधावर नेऊन सोडू नका. भरावाच्या माथ्यापासून निदान फूटभर खाली ठेवा, आणि पुढं दगड रचून पिचिंग करा म्हणजे पाण्याचा जोर मोडेल. येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी गाळ बसायला छोटा खड्डा घ्या. काळ्या मातीत १:१ चा काठ ढासळतो, तिथं उतार दीडास एक ठेवा. काठ ढासळून खालच्याच्या बांधाला लागला तर तोही वेगळा दावा होतो. जागा पाहून सल्ला मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रातून घ्या आणि तो लेखी मागा. तहसीलदारांच्या स्थळपाहणीत तुमच्या तोंडी सांगण्यापेक्षा त्या कागदाचं वजन जास्त.

भोवती तारेचं कुंपण घाला. पोरं आणि जनावरं बुडण्याचे प्रकार घडतात, आणि तेव्हा खालचा शेजारी नव्हे, पोलिस विचारायला येतात.

शेजाऱ्याची नोटीस आली तर तारखेला हजर राहा. गैरहजर राहिलात तर एकतर्फी आदेश होतो. जाताना काम सुरू करण्याआधीचे फोटो न्या : ओघळ, दोन्ही बांध, पाणी उतरायची जुनी जागा. ते फोटो उद्याच सकाळी काढा, कारण खोदाईनंतर ती जुनी जागा दाखवायला काहीच उरत नाही.