कैरोला पहिल्यांदा जाताय?
चार दिवस हाताशी असतील तर सगळे पिरॅमिडांवर घालवू नका. गिझाला सकाळी उघडतानाच पोहोचा. उंटावर बसणार असाल तर खाली उतरेपर्यंतचे पैसे चढण्याआधीच ठरवून घ्या. तुतनखामन या प्राचीन राजाचा खजिना आता जवळच्याच नव्या भव्य संग्रहालयात आहे, त्याला वेगळा दिवस द्या.

पण मला विचाराल तर खरं कैरो जुन्या शहरातच! ८७९ साली पूर्ण झालेली इब्न तुलून मशीद चुकवू नकाच. मिनाराला बाहेरून वेढत जाणारा तो जिना क्वचितच कुठे बघायला मिळतो. शुक्रवारी दुपारी मात्र नमाजाची गर्दी असते, तेव्हा जाऊ नका. संध्याकाळी मुइझ रस्त्याने पायी खान अल-खलिली या जुन्या बाजारापर्यंत या. शाकाहारी असाल तर कोशरी मागा: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, टोमॅटोचा रस्सा आणि वर कुरकुरीत तळलेला कांदा. पोट भरतं आणि स्वस्तही पडतं.