लहानपणी घरात रोज भांडणं-मारहाण बघितली, त्याचा मोठेपणी डोक्यावर परिणाम होतो का?

होतो ना. लेकरू सारखं भीतीत राहिलं की ताणाचं हार्मोन, कॉर्टिसॉल, त्याचं गणितच बिघडतं, मेंदू कायम अलर्टवर, मग तिशीत कुणी नुसतं दार आपटलं तरी छातीत धडधड, झोप नाही, रागावर कंट्रोल नाही. अमेरिकेत १९९८ ला एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात लहानपणी ४ किंवा जास्त प्रकारचे असे वाईट अनुभव (मारहाण, छळ, घरात दारू वगैरे) आलेल्यांत दारू, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट निघाला.

आमच्या बीडकडं दिवाळीच्या आगंमागं आईबाप ऊसतोडीला साखर कारखान्याला जातात, लेकरू आजीजवळ नाहीतर तिकडं कोपीवर (मजुरांच्या झोपडीत), उचल म्हंजे आगाऊ घेतलेले पैसे फिटले नाहीत की राग कुणावर निघतो ते सांगायला नको, आणि पोरगं गप्प बसायला लागलं की लोक म्हणतात शहाणं झालं!! मला तर तेच लेकरू जास्त धोक्यात वाटतं.

सगळ्यांचंच असं होतं असं बी नाही, जीव लावणारं एक माणूस असलं तरी लई फरक पडतो, मग ती आजी असो का मास्तर. तुम्हाला आता त्रास होत असंल तर टेली मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात, गोळ्या का काउन्सेलिंग ते नंतर डॉक्टर बघतील.