क्वांटमच्या आधी तो लाल उजेड बघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पीएचडीला ‘प्रकाशसंश्लेषणातलं क्वांटम’ हाच विषय घ्यायचा, हे तुझ्या डोक्यात पक्कं बसलेलं दिसतंय. घे जरूर. पण त्याआधी थोडे दिवस स्पिरुलिनाला दे.

लोणारच्या खाऱ्या पाण्याला हिरवा रंग देणारा सूक्ष्मजीव तो हाच. बाजारातली चिमूटभर पावडर सौम्य फॉस्फेट बफरमध्ये रात्रभर फ्रिजमध्ये ठेव आणि सकाळी सेंट्रिफ्यूज कर. खाली हिरवा गाळ बसेल, वर निळंभोर फायकोसायनिन, म्हणजे उजेड पकडणारं निळं प्रथिन, राहील. ते पातळ करून अंधारात बाजूने टॉर्च मार. निळं पाणी लालसर चमकू लागेल.

जिवंत पेशीत हा उजेड जवळजवळ बाहेर येतच नाही. तिथे फायकोसायनिनने पकडलेली ऊर्जा शेजारच्या ॲलोफायकोसायनिन या त्याच्याच जातीच्या प्रथिनाकडे आणि तिथून क्लोरोफिलकडे जाते, तीही शे-दोनशे पिकोसेकंदांत. एकट्या पडलेल्या फायकोसायनिनला ती ऊर्जा उजेड म्हणून टाकून द्यायला एक-दोन नॅनोसेकंद (एक नॅनोसेकंद म्हणजे हजार पिकोसेकंद) लागतात, म्हणजे जवळपास दहापट वेळ. या शर्यतीतच सगळं आलं. तू परीक्षानळीत बघतोस ती चमक म्हणजे शेजारी नसल्यामुळे वाया गेलेली ऊर्जा. शेजाऱ्याचं अंतर किती महत्त्वाचं, ते एका रेणूकडून दुसऱ्याकडे ऊर्जा किती वेगाने जाते याचं फॉर्स्टरचं गणित सांगतं: अंतर दुप्पट झालं की हस्तांतराचा वेग 64 पटींनी घटतो. हे गणित स्वतःच्या हाताने सोडव.

मग क्वांटमकडे ये. 2007 साली बर्कलेच्या फ्लेमिंग यांच्या गटाने हरित गंधक-जीवाणूंच्या एफएमओ या प्रकाशऊर्जा पुढे नेणाऱ्या प्रथिनात, उणे 196 अंशांना, बराच वेळ टिकणारी स्पंदनं मोजली. ऊर्जा तरंगासारखी एकाच वेळी अनेक वाटा धुंडाळते, असा त्याचा अर्थ लावला गेला. जगभर गाजावाजा झाला. पुढे इतरांनी बारकाईने मोजल्यावर ती लांबलेली स्पंदनं मुख्यतः रेणूंच्या कंपनांची ठरली, आणि 2020 मध्ये या क्षेत्रातल्या अनेकांनी एकत्र येऊन ते स्पष्ट लिहिलं. आधी 2020 चा लेख वाच, मग 2007 चा. मला दोन्ही फार मोलाचे वाटतात. मोजमाप कुठे संपतं आणि अर्थ लावणं कुठे सुरू होतं, हे त्यांत लख्ख दिसतं. क्वांटमचा खरा वाटाही यात आहेच: जांभळ्या जीवाणूंच्या एलएच2 या उजेड पकडणाऱ्या प्रथिनाच्या कड्यात 18 बॅक्टेरिओक्लोरोफिल (जीवाणूंमधलं क्लोरोफिल) इतके खेटून बसतात की उत्तेजन एकाच रेणूवर न राहता अनेकांत पसरतं. साधं फॉर्स्टर तिथे पुरत नाही. तुझा विषय तिथे शोध.

दुसरा प्रयोग स्पिरुलिनाच्या ताज्या कल्चरवर कर. फॉस्फेट 0.75 मोलर ठेव आणि सगळं काम खोलीच्या तापमानालाच कर; थंडीत फायकोबिलिसोम, म्हणजे पेशीतली या प्रथिनांची जोडलेली रचना, सुटा होतो. शाबूत असेल तर चमकेचं शिखर 670 नॅनोमीटरच्या पुढे दिसेल. बफर पातळ केलास की ते 650 च्या आसपास सरकेल. दोन्ही आलेख मला पाठव, बफरचं प्रमाण आणि तापमान कडेला लिहून.

तुझा,
सर