एकच डेटाबेस, तीन जँगो प्रोजेक्ट: मॉडेल्स कुठे ठेवायची?

दुकानाची साइट, कर्मचाऱ्यांचं पॅनेल आणि मोबाइलसाठी एपीआय असे जँगोचे (पायथनमधली वेबसाइट बनवायची चौकट) तीन वेगळे प्रोजेक्ट, खाली पोस्टग्रेस डेटाबेस एकच, आणि मॉडेल्सची (टेबलांचं कोडमधलं वर्णन) फाइल तिन्हीकडे कॉपी केलेली. ती एका जागी कशी आणायची, असं तुम्ही विचारलंय.

मॉडेल्स आणि त्यांची मायग्रेशन्स (टेबलांत बदल करणाऱ्या फाइली) एवढंच उचलून एक स्वतंत्र जँगो ॲप (प्रोजेक्टला जोडता येणारा कोडचा भाग) करा. वेगळ्या गिट रेपोत ठेवा, प्रत्येक बदलाला टॅग (आवृत्तीचं नाव) द्या आणि तिन्हीकडे पिपने (पायथनची पॅकेजेस बसवायचं साधन) ठरावीक टॅगच बसवा. व्ह्यू, फॉर्म, टेम्प्लेट ज्याचं त्याच्याकडेच राहू द्या. त्या ॲपच्या कॉन्फिगमध्ये डीफॉल्ट ऑटो फील्ड (आपोआप बनणाऱ्या आयडी कॉलमचा प्रकार) मात्र लिहून टाका. जँगो ३.२ ते ५.२ मध्ये नव्या प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये बिगऑटोफील्ड लिहून यायचं, त्याआधीच्यांत नसायचं, आणि ६.० पासून तेच मूळ डीफॉल्ट आहे; प्रोजेक्टांत असा फरक असला आणि कोणी मेकमायग्रेशन्स (मायग्रेशन बनवणारी कमांड) चालवलं की थेट साइट-पॅकेजेसमध्ये (बसवलेल्या पॅकेजेसचं फोल्डर) नको असलेलं मायग्रेशन तयार होतं.

इथपर्यंत सोपं आहे. मायग्रेशन्स डेटाबेसला लावणाऱ्या मायग्रेट कमांडचं तसं नाही. सामायिक ॲपसाठी ती एकाच प्रोजेक्टमधून चालवा, बाकी दोघांनी तिला हात लावायचा नाही. लागलेल्या मायग्रेशनची नोंद ॲपचं लेबल आणि मायग्रेशनचं नाव यांवरूनच होते, प्रोजेक्ट कुठला हे तिथे नसतं. दोन प्रोजेक्टांत 'कोअर' नावाचं आपापलं ॲप असेल, तर दुसऱ्याचं पहिलं मायग्रेशन आधीच लागलंय असं धरलं जातं आणि टेबल बनतच नाही. राउटरमध्ये (कुठलं मायग्रेशन कुठल्या डेटाबेसवर चालेल हे ठरवणारा कोड) फॉल्स देऊन बाकीच्यांना अडवा, असं कोणी सुचवेल. नका करू. बदल वगळला जातो, पण 'लागलं' अशी नोंद पडते, आणि मग तो मालक प्रोजेक्टकडूनही कधी चालत नाही.

आमचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. ऑर्डरच्या टेबलात एक नॉट-नल (रिकामा म्हणजे नल न चालणारा) कॉलम वाढवला, मॉडेलमध्ये डीफॉल्ट दिलेला होता. पॅनेल नव्या टॅगवर गेलं, मायग्रेट झालं, आणि जुन्या टॅगवरच्या साइटवर एकही ऑर्डर पडेना. जँगो तो डीफॉल्ट जुन्या ओळी भरण्यापुरताच डेटाबेसला देतो आणि लगेच काढून घेतो. जुन्या कोडला तो कॉलम ठाऊकच नाही, त्यामुळे तिथे नल जायला लागला. ५.० मध्ये आलेला डीबी-डीफॉल्ट डेटाबेसमध्ये टिकून राहतो, अशा वेळी तोच वापरा.

कॉलम काढताना तर घाई अजिबात नको. आधी त्याला नल चालेल असं करा, मग तिन्हींच्या मॉडेलमधून जाऊ द्या (डेटाबेसला हात न लावता हे करायला मायग्रेशनमधलं सेपरेट-डेटाबेस-अँड-स्टेट यासाठीच आहे), आणि डेटाबेसमधून सगळ्यात शेवटी काढा. जँगो सिलेक्टमध्ये (वाचण्याच्या क्वेरीत) प्रत्येक कॉलम नावानिशी मागतो. एक प्रोजेक्ट जरी मागे राहिला तरी त्याचं ते अख्खं टेबल वाचणं बंद पडतं.

तिघांपैकी एखादा दोन-चार टेबलं फक्त वाचत असेल, तर त्याला हे पॅकेज देऊच नका. मॅनेज्ड फॉल्स ठेवून (म्हणजे ती टेबलं बनवणं-बदलणं जँगो करत नाही) लागतील तेवढ्याच कॉलमांची छोटी मॉडेल्स त्याच्याकडे लिहा, आणि डेटाबेसचा युजरही वाचण्यापुरताच द्या.