अल्झायमर, ‘संरक्षक’ प्रथिन आणि प्रोटीन पावडर

प्रश्न : माझ्या सासूबाई ७३ वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षी त्यांना अल्झायमर असल्याचे निदान झाले. गॅस बंद केला का, हे त्या तासाभरात सात-आठ वेळा विचारतात आणि माझ्या मुलीला नणंदेच्या नावाने हाक मारतात. न्यूझीलंडमधील एका जीवरसायनशास्त्रज्ञाने मेंदूचे रक्षण करणारे प्रोटीन अभ्यासले आहे, असे वाचनात आले. औषधाच्या दुकानदाराच्या सांगण्यावरून मी त्यांना दुधातून रोज दोन चमचे प्रोटीन पावडर देऊ लागले आहे. तिचा उपयोग होईल का? आणि ते प्रोटीन औषध म्हणून केव्हा मिळेल?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या पत्रात ‘प्रोटीन’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या वस्तूंसाठी आला आहे आणि घोटाळा तेथेच झाला आहे. डब्यातील पावडर म्हणजे दुधापासून किंवा सोयाबीनपासून काढलेले प्रथिन. पोटात गेल्यावर त्याचे पचन होऊन अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतील कड्या, सुटी होतात आणि शरीर ती आपल्या गरजेप्रमाणे वापरते. बातमीतील संरक्षक प्रथिन मात्र मज्जापेशी स्वतःच तयार करतात. ते कोणत्याही अन्नातून मिळत नाही आणि समजा कोणी ते गिळले, तरी वरणातील डाळीचे जे होते तेच त्याचेही होईल.

आपण वाचलेली बातमी बहुधा ड्युनेडिन येथील ओटागो विद्यापीठातील प्राध्यापक वॉरन टेट यांच्या कामाविषयी असावी. पेशीत प्रथिनाची साखळी गुंफली जात असताना ‘आता थांबा’ ही खूण कशी वाचली जाते, यावर त्यांनी आयुष्यातील बराच काळ काम केले आणि २०१० साली त्यांना न्यूझीलंडचे रदरफर्ड पदक मिळाले. त्याच विद्यापीठात स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे क्लिफ अब्राहम यांच्यासह त्यांनी अल्झायमरकडे लक्ष वळवले, तेव्हा त्यांचे कुतूहल होते ते जगातील बहुतेक प्रयोगशाळा ज्याच्या मागे लागल्या होत्या त्या घातक तुकड्याच्या जुळ्या भावंडाविषयी.

मज्जापेशीच्या आवरणात अमायलॉइड प्रीकर्सर प्रोटीन, थोडक्यात एपीपी, नावाचे लांबलचक प्रथिन रोवलेले असते. मज्जापेशींत आढळणाऱ्या त्याच्या मुख्य प्रकारात ६९५ अमिनो आम्ले असतात. त्याला आधी बीटा-सिक्रेटेज आणि मग गॅमा-सिक्रेटेज या विकरांनी (एन्झाइमांनी) कापले, तर मधला साधारण ४० किंवा ४२ अमिनो आम्लांचा तुकडा सुटा होतो. हाच तो बीटा-अमायलॉइड, ज्याचे थर अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साचलेले दिसतात. परंतु अल्फा-सिक्रेटेज हे विकर कापते ते याच तुकड्याच्या आत, त्याच्या १६व्या आणि १७व्या अमिनो आम्लांच्या मध्ये, त्यामुळे बीटा-अमायलॉइड तयारच होऊ शकत नाही आणि पेशीबाहेर सुटते ते एसएपीपी-अल्फा, म्हणजेच आपल्या बातमीतील संरक्षक प्रथिन. ज्यांनी कधी घरी ब्लाउज बेतला आहे, त्यांना हे चटकन उमगेल : कापड तेच, पण कात्री चार बोटे इकडे लागली की सगळेच बदलते. बीटा-सिक्रेटेजच्या कापण्याने पेशीबाहेर सुटणारा भाग एसएपीपी-अल्फापेक्षा अवघ्या १६ अमिनो आम्लांनी आखूड असतो, तरीही मज्जापेशींच्या रक्षणाचे काम त्याला फारच क्षीणपणे जमते.

ओटागोच्या गटाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात हे प्रथिन कमी केल्यावर मज्जापेशींमधील जोड दृढ होण्याची क्रिया मंदावली आणि जागा लक्षात ठेवण्याची क्षमताही घटली. बाहेरून प्रथिन पुरवल्यावर ही उणीव भरून निघाली. २०१८ साली याच गटाने, अल्झायमरसारखी विकृती पुढे होणारच अशा उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने, या प्रथिनाचे जनुक पोहोचवले आणि त्या उंदरांच्या स्मृतीची घसरण टळली. आपल्या दृष्टीने यातील महत्त्वाचा तपशील असा की, हे उपचार उंदीर ४ महिन्यांचे असताना, म्हणजे मेंदूत थर साचण्यापूर्वी, झाले होते. गेलेली स्मृती परत आणल्याचा हा पुरावा नव्हे, हे बातमीच्या मथळ्यात सहसा येत नाही.

बीटा-सिक्रेटेजलाच अडवावे, ही युक्ती सरळ वाटते आणि औषध कंपन्यांनी ती करून पाहिली आहे. आइसलँडमधील काही लोकांत एपीपीच्या जनुकात असा एक दुर्मीळ बदल आढळतो की, त्यामुळे बीटा-अमायलॉइड सुमारे ४० टक्के कमी बनतो आणि त्यांना अल्झायमरपासून संरक्षण मिळते, हे २०१२ साली समोर आल्यावर ती आशा अधिकच वाढली. प्रत्यक्षात या विकराला अडवणाऱ्या व्हेरुबेसेस्टॅट या औषधाच्या मोठ्या चाचण्या २०१७ आणि २०१८ साली थांबवाव्या लागल्या, आणि आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णांची स्थिती तर औषधाने थोडी अधिकच बिघडल्याचे दिसले. त्या विकराला मेंदूत इतरही कामे असतात, हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते. म्हणूनच घातक तुकडा रोखण्याऐवजी हितकारक तुकडा वाढवावा, हा टेट यांचा मार्ग मला अधिक समंजस वाटतो. अडचण एवढीच की, इतके मोठे प्रथिन रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाही आणि माणसाच्या मेंदूत सुई घालून जनुक सोडणे हा घराघरांतला उपचार होऊ शकत नाही. त्यामुळे या प्रथिनाचा संरक्षक गुण ज्यात टिकून राहील असा अगदी छोटा अंश शोधण्याची धडपड चालू आहे. औषधाच्या दुकानात मिळेल असे यातून आज काहीही तयार झालेले नाही आणि साल सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

राहिली पावडर. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना जेवल्याचे किंवा न जेवल्याचे भान राहत नाही, वजन उतरते आणि अशा वेळी पोषण म्हणून तिचा उपयोग होऊ शकतो. स्मृतीसाठी मात्र नाही. सासूबाईंना मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असेल, तर दोन चमचेही परस्पर देऊ नयेत. पुढच्या वेळी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना डबा सोबत न्यावा, गेल्या सहा महिन्यांतील सासूबाईंच्या वजनाच्या नोंदी दाखवाव्यात आणि पावडर चालू ठेवायची की नाही, हे तज्ज्ञांनाच ठरवू द्यावे.