दीड तासाचा गेम, दोन तासांची अट

प्रश्न : मी स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून 'मेटल गिअर सॉलिड ५ : ग्राउंड झीरोज' विकत घेतला. मुख्य मोहीम दीड तासात संपली. पुढे काहीतरी असेल म्हणून खेळत राहिलो, एकूण चार तास झाले. तीन आठवड्यांनी परतावा मागितला, तो नाकारला गेला. हा गेम तोकडा आहे अशी टीका समीक्षकांनीही केली आहे. ती पुरावा म्हणून जोडून ग्राहक आयोगात जाता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जाता येईल. ऑनलाइन खरेदी करणाराही ग्राहकच असतो, तक्रार नाशिकलाच करता येते, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ची दोन वर्षांची मुदत शिल्लक आहे आणि एवढ्या रकमेला फीसुद्धा नाही. पण यातल्या कशावरही तुमचं प्रकरण ठरणार नाही.

ते ठरतं स्टीमच्या परताव्याच्या अटीवर. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत मागणी हवी, आणि खेळलेला वेळ दोन तासांपेक्षा कमी हवा. एक पाळून भागत नाही, दोन्ही लागतात. तुमच्या हातून दोन्ही गेल्या. ऑनलाइन क्लास, जिम, ओटीटी, कशाबद्दलचंही वाचकाचं पत्र उघडा, पैसे भरताना अटींवर टिचकी मारायची आणि भांडण झालं की त्या वाचायला घ्यायच्या, हाच क्रम. तुमच्या बाबतीत जास्त चुटपुट लागते, कारण या गेमपुरती ती अट तुमच्याच सोयीची होती. दीड तासात कथा संपली त्याच संध्याकाळी अर्ज केला असता, तर शेवट पाहूनही पैसे मागता आले असते. त्यामुळे 'ही अट अन्यायकारक आहे' हा युक्तिवाद करायला माझी तरी जीभ रेटणार नाही.

आता समीक्षणांबद्दल. ती जोडू नका. गेम मार्च २०१४मध्ये आला. मुख्य मोहीम दोन तासांच्या आत संपवता येते, ही बातमी 'गेम इन्फॉर्मर' या गेमविषयक नियतकालिकाने त्याआधीच दिली होती. त्यावर इतका गदारोळ झाला, की गेमची कंपनी कोनामीने नव्या कन्सोलवरच्या (गेम खेळायच्या यंत्रांवरच्या) डिस्कची किंमत ४० डॉलरवरून ३० डॉलर केली. म्हणजे ही गोष्ट तुम्ही पैसे भरण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून जगजाहीर होती. फसवणूक म्हणायला काहीतरी लपवलेलं असावं लागतं. शिवाय समीक्षक एकमुखाने नाराज नव्हते. प्लेस्टेशन ४च्या आवृत्तीला सरासरी शंभरात ७५च्या आसपास गुण पडले. लांबी आणि किंमत यांवर बोट ठेवणाऱ्यांनीच क्यूबामधल्या त्या १९७५च्या लष्करी तळाची रचना, पहारेकऱ्यांना चुकवून हवं तिथून आत शिरण्याची मोकळीक आणि तोच तळ पुन्हा पुन्हा वेगळ्या रीतीने खेळण्यातली मजा यांचं कौतुक केलं. कैद्यांवरच्या, विशेषतः एका तरुणीवरच्या अत्याचाराच्या चित्रणावर काहींनी खरमरीत लिहिलं, पण त्याचा तुमच्या पैशांशी संबंध नाही. मुख्य मोहिमेपलीकडे साइड ऑप्स, म्हणजे जादा छोट्या मोहिमा आहेत, हे त्याच लेखांत आहे. तुमचा पुरावा समोरचा वकील आनंदाने वाचून दाखवेल.

एकच फट दिसते. खरेदीच्या दिवशी विक्रीच्या पानावर खेळाच्या तासांबद्दल एखादा खोटा दावा असेल, तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा मुद्दा उभा राहू शकतो. तसा स्क्रीनशॉट तुमच्याकडे आहे का? पत्रात उल्लेख नाही, त्यामुळे फार आशा धरत नाही. 'ही पुढच्या गेमची नुसती प्रस्तावना आहे हे सांगितलंच नाही' एवढ्यावर आयोग काय म्हणेल, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

आणि कायद्यात तीन महिने लिहिलेत म्हणून तीन महिन्यांत निकाल लागेल असं समजू नका. तारखा पडतात, नोटीस पोहोचत नाही, सदस्यांची पदं रिकामी असतात. एका गेमच्या किमतीसाठी एवढे हेलपाटे घालायचे का, ते तुम्ही ठरवा.

मी असतो तर आधी परताव्याचा अर्ज पुन्हा केला असता. नियमात न बसणारी विनंतीही पाहू, असं स्टीमने आपल्या धोरणात लिहिलं आहे. खोटं कारण देऊ नका, खेळलेला वेळ त्यांना दिसतो. तिथे जमलं नाही तर स्टीमच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. त्यानंतर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहेच. आणि यातलं काहीही चालू असेपर्यंत तो गेम उघडू नका, तुमच्या चार तासांचे पाच होतील.