पॅनल धुतं कोण?

प्रश्न : मी कादंबरी लिहिते आहे. साल २०७५, मराठवाड्यातलं एक गाव. सगळी वीज सौर, विहिरी तुडुंब, जातपात संपलेली, माणसं सुखी. हल्ली ज्याला ‘सोलरपंक’ म्हणतात त्या धाटणीचं लेखन. आमच्या वाचनकट्ट्यावर दोन प्रकरणं वाचली, तर एक गृहस्थ म्हणाले, “छान आहे, पण खोटं वाटतं.” म्हणून इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांची तीन पानं माहिती घातली. तेव्हा तेच म्हणाले, “आता कंटाळवाणंही झालं.” आदर्श जगाच्या गोष्टीत खरेपणा किती लागतो? दोन्ही प्रकरणं सोबत पाठवते आहे.
— एक वाचक, लातूर

उत्तर : ते गृहस्थ दोन्ही वेळा बरोबर बोलले. त्यांना सोडू नका, असा श्रोता मिळणं कठीण. ती तीन पानं आधी काढून टाका. मी वीज वितरणात नोकरी करून निवृत्त झालो, पण मलासुद्धा कादंबरीत इन्व्हर्टर वाचायचा नाही.

बंगालच्या रोकेया सखावत हुसेन यांनी १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी गोष्ट लिहिली. त्यातल्या स्त्रीराज्यात स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो. ती उष्णता साठवतात कशी, हे बाईंनी फारसं सांगितलेलं नाही. पण पुरुष मर्दान्यात (म्हणजे जनान्याच्या उलट, पुरुषांना पडद्यात ठेवायच्या जागेत) कसे गेले, ते मात्र नीट सांगितलंय. लढाई हरत आलेली, सैन्य थकलेलं. विद्यापीठाच्या प्रमुख बाई म्हणतात, आम्ही लढायला बाहेर पडतो, पण त्याआधी पुरुषांनी आत जायचं. दमलेले पुरुष निमूट आत जातात, उलट त्यांना ते वरदानच वाटतं! मग दोन हजार विद्यार्थिनी सूर्यकिरण शत्रूवर सोडतात. किरणांचं शास्त्र कुणी तपासत बसत नाही, कारण तो सौदा वाचणाऱ्याला पटलेला असतो.

तुमच्या गावात हा सौदाच दिसत नाही. पॅनलचं आयुष्य साधारण पंचवीस वर्षं धरतात. म्हणजे २०४५ साली बसवलेले पॅनल तुमच्या कथेत एकदा तरी बदललेले असणार. पैसे कुणी दिले? जुने कुठे टाकले? कुणाच्या शेताच्या बांधाला? उन्हाळ्यात त्यांच्यावर धूळ बसते आणि वीज घटते. बोअरच्या जड पाण्याने धुतलं तर काचेवर पांढरे डाग राहतात. काच तापायच्या आत, पहाटेच वर चढावं लागतं. ही पाळी कोणाची? जातपात संपली हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. त्या शिडीवर चढणाऱ्याचं आडनाव लिहा, मग मी ठरवतो संपली की नाही.

विहिरींचंही तसंच. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. पाऊस मोजायचा, गावाने बसून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पिण्याचं पाणी आधी, मग पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर बंद, ऊस बंद. विहिरी भरलेल्या म्हणजे कुणीतरी मन मारून उसाचा नाद सोडला. तुमच्या कादंबरीत उसासाठी रुसलेला एकही माणूस नाही, म्हणून ते पाणी रंगवलेलं वाटतं. (तुमच्या सरपंचबाई बोलतात फार छान. पण त्यांना विरोधी गट नाही. लातूर जिल्ह्यात असं गाव असेल तर मला कळवा, मी राहायलाच येतो.)

आणि माणसं आदर्श वस्तूवर खूश राहतात हेही गृहीत धरू नका. बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई गावात २०१४ साली १०० किलोवॉटची सौर यंत्रणा उभी राहिली. माजी मुख्यमंत्री आले, तर काही गावकऱ्यांनी ‘असली बिजली’, म्हणजे खरी वीज, मागितली. कारण फ्रीजसारखी जड उपकरणं त्या सौर विजेवर चालवू नका, असं त्यांना सांगितलेलं होतं. पुढे ग्रिडची, म्हणजे बाहेरून तारांनी येणारी, स्वस्त वीज आली आणि सौर यंत्रणा मागे पडली. गावकऱ्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. घरात टीव्ही, फ्रीज हवा असणारी माणसं तुमच्या २०७५ मध्येही असतील, त्यांना गावात राहू द्या.

यंत्राबद्दल मी एवढंच बघतो, की ते आपलेच नियम मोडत नाही ना. तुमच्याकडे मोडलेत. पहिल्या प्रकरणात सामायिक बॅटरी फक्त दिव्यांसाठी आहे असं म्हणता आणि दुसऱ्यात रात्री आठला पिठाची गिरणी सुरू! गिरणी दुपारी चालवा. म्हणजे ऐन उन्हात दळणाचे डबे घेऊन बाया रांगेत उभ्या राहतील, आणि सरपंचबाईंच्या भाषणातून जे सांगताय ते त्याच एकमेकींना सांगतील, थोडं वाकडं करून.